विश्लेषण : महागडा चष्मा, तरी नजर का अडखळते? ‘फ्रीफॉर्म’ भिंगांचे गणित काय?

मनमाड जंक्शनच्या फलाटावर उभ्या असलेल्या पन्नाशीच्या प्रवाशाला एकाच मिनिटात तीन अंतरांवर पाहावे लागते. गाड्यांच्या वेळा दाखवणारा दूरचा फलक, हातभर अंतरावरच्या चहावाल्याने परत दिलेले सुटे पैसे आणि मोबाइलवरचे तिकीट. ही तिन्ही कामे एकाच चष्म्यातून करायची, तर त्यातील भिंगाचा पृष्ठभाग साधा गोलाकार असून चालत नाही. तो जागोजागी वेगळ्या वक्रतेचा, म्हणजे ‘फ्रीफॉर्म’ असावा लागतो. हेच तंत्र आज वाहनांच्या हेडलाइटपासून लढाऊ विमाने आणि महाकाय दुर्बिणींपर्यंत पोहोचले आहे. कारखान्यात मायक्रॉनच्या अचूकतेने बनलेले हे भिंग अनेकदा वाया जाते, ते मात्र दुकानाच्या काउंटरवर.

‘फ्रीफॉर्म’ म्हणजे नेमके काय?

नेहमीचे भिंग म्हणजे काचेच्या मोठ्या चेंडूचा कापलेला काप. त्याच्या पृष्ठभागाची वक्रता सगळीकडे सारखी असते. त्यापुढची पायरी ‘ॲस्फेरिक’ म्हणजे अगोलीय भिंगाची. यात मध्यापासून कडेकडे जाताना वक्रता बदलते, पण सर्व दिशांना सारखीच. कुंभाराच्या चाकावरचे मडके कितीही फिरवले तरी तसेच दिसते, तसे हे भिंग. मोबाइल कॅमेऱ्यातील प्लास्टिकची चिमुकली भिंगे बहुधा याच जातीची असतात.

फ्रीफॉर्म पृष्ठभागाला असा फिरवण्याचा अक्षच नसतो. वर्षानुवर्षे वापरून झिजलेला पाटा डोळ्यांपुढे आणावा. त्याचा खोलगटपणा डावीकडे वेगळा, उजवीकडे वेगळा, वर आणि खाली वेगळा. फरक इतकाच, की पाट्याचा आकार वापरातून आपोआप येतो, तर फ्रीफॉर्म भिंगाचा प्रत्येक उंचवटा आणि खळगा हिशेबाने ठरवलेला असतो. हा आकार एका त्रिज्येने सांगता येत नाही. त्यासाठी अनेक पदांची बहुपदी किंवा हजारो बिंदूंच्या उंचीची यादी लागते. अशा बहुपदींपैकी ज्या सर्वाधिक वापरल्या जातात, त्या डच शास्त्रज्ञ फ्रिट्स झर्निके यांच्या नावाने ओळखल्या जातात. झर्निके यांना १९५३ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

गोल पृष्ठभागच सोपा का?

काचेच्या दोन चकत्या घ्याव्यात, मध्ये ओली घासपूड टाकावी आणि दिशा बदलत एकमेकींवर घासत राहावे. काही वेळाने एक चकती खोलगट, तर दुसरी फुगीर होते आणि दोन्ही पृष्ठभाग जवळजवळ अचूक गोलाकार होतात. सरकवले, फिरवले, तिरके केले तरी एकमेकांना सर्वत्र टेकून राहतील असे पृष्ठभाग फक्त गोलाचे, किंवा मग अगदी सपाट. म्हणजे इथे कारागिराच्या मदतीला भूमितीच धावून येते. शतकानुशतके भिंगे गोलाकारच राहिली, याचे मुख्य कारण हे आहे.

फ्रीफॉर्ममध्ये ही फुकटची मदत मिळत नाही. कोणत्या बिंदूवर किती पदार्थ काढायचा, हे यंत्राला प्रत्येक ठिकाणी सांगावे लागते. हत्यार पृष्ठभागापेक्षा लहान असल्याने त्याच्या फेऱ्यांचे बारीक वळ मागे राहतात. ते घालवण्यासाठी पॉलिश करावे, तर मूळ आकार बिघडण्याचा धोका असतो. आकार आणि चकाकी यांचा मेळ घालणे, हीच या उत्पादनातील खरी कसोटी.

चाळशीपासून प्रोग्रेसिव्हपर्यंतचा प्रवास कसा?

चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील नैसर्गिक भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे दिसेनासे होते. मराठीने या वयावरून चष्म्यालाच ‘चाळशी’ हे नाव दिले. दूरचा आणि जवळचा असे दोन नंबर एकाच चौकटीत बसवणारा बायफोकल अठराव्या शतकातला. पण त्यात मधल्या अंतरासाठी काहीच नसते आणि काचेवरची रेघ नजरेला खटकते.

वरून खाली नंबर हळूहळू बदलत जाणाऱ्या भिंगाचे पेटंट ब्रिटनमध्ये ओवेन एव्ह्ज यांनी १९०७ मध्ये घेतले. बाजारात यशस्वी ठरलेले असे पहिले भिंग मात्र १९५९ चे, फ्रान्समधील बर्नार्ड मॅतना यांचे ‘व्हॅरिलक्स’. त्यानंतर कित्येक वर्षे पद्धत अशी होती, की बदलत्या वक्रतेचा पुढचा पृष्ठभाग मोजक्या साच्यांतून तयार यायचा आणि मागच्या बाजूला ग्राहकाचा नंबर घासला जायचा. म्हणजे शर्ट तयार मापाचा, फक्त बाही शिवून घ्यायची. संगणकनियंत्रित कातकाम अचूक झाले, तसे या शतकाच्या सुरुवातीपासून प्रत्येक ग्राहकासाठी संपूर्ण पृष्ठभाग स्वतंत्रपणे कोरणे व्यवहारात आले. आजचा ‘डिजिटल’ किंवा ‘फ्रीफॉर्म प्रोग्रेसिव्ह’ तो हाच.

जवळचे नीट दिसणे ही चैन नव्हे. आसाममधील चहामळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर झालेल्या एका अभ्यासात केवळ जवळचा साधा चष्मा दिल्याने कामाची उत्पादकता सुमारे २२ टक्क्यांनी वाढल्याचे २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाले. हा चष्मा साधा, एकाच नंबरचा होता, हेही ध्यानात घ्यायला हवे. शिवणयंत्रावर बसणारी महिला, पैठणी विणणारा विणकर, धान्याच्या गोणीवरचे शिक्के वाचणारा गोदाम कर्मचारी, या सगळ्यांची रोजी नजरेवर चालते.

प्रोग्रेसिव्हमध्ये बाजूचे धूसर का दिसते?

नव्या ग्राहकाची पहिली तक्रार हीच असते. त्यामागे एक न टाळता येणारा नियम आहे. जर्मन गणिती मिंकविट्झ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले, की भिंगाच्या मधल्या रेषेवर नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना नको असलेला सिलिंड्रिकल नंबर वाढतो.

आकड्यांत पाहू. जवळच्या कामासाठी २.०० नंबरची भर हवी आहे आणि ती १४ मिलिमीटर उंचीच्या पट्ट्यात घालायची आहे. म्हणजे दर मिलिमीटरला नंबर सुमारे ०.१४ ने वाढणार. त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ०.२९ इतका सिलिंड्रिकल दोष रेषेपासून बाजूला सरकताना दर मिलिमीटरला वाढणार. चौकट जितकी बुटकी, तितका हा पट्टा आखूड आणि बाजूचा दोष तीव्र. फ्रीफॉर्म तंत्राने हा दोष नाहीसा होत नाही. तो कुठे ढकलायचा, किती पसरवायचा, हे ठरवता येते. दिवसभर संगणकावर बसणाऱ्यासाठी वेगळी वाटणी, गाडी चालवणाऱ्यासाठी वेगळी. ‘कडेपर्यंत शंभर टक्के स्पष्ट’ असे सांगून कोणी प्रोग्रेसिव्ह विकत असेल, तर तो गणिताच्या विरोधात बोलतो आहे.

हे भिंग तयार कसे होते?

दुकानातून नंबर, चौकटीचा आकार आणि डोळ्यांची मापे मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे जातात. तेथील संगणक त्या ग्राहकापुरता पृष्ठभाग आखतो. प्लास्टिकची जाड चकती धारकावर चिकटवली जाते. वेगाने फिरणाऱ्या चकतीवर हिऱ्याचे हत्यार सेकंदात अनेकदा पुढे-मागे होत मागचा पृष्ठभाग कोरते. त्यानंतर मऊ गादीने पॉलिश, लेसरने बारीक खुणा आणि शेवटी ओरखडे व चकाकी कमी करणारे लेप.

यात किती अचूकता लागते? साध्या १.५ अपवर्तनांकाच्या प्लास्टिकमध्ये १० मिलिमीटर रुंदीच्या भागात मध्य आणि कड यांच्या उंचीत जेमतेम ३ मायक्रॉनची चूक झाली, तरी नंबर सुमारे ०.१२ ने बदलतो. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीचा विसावा भागही इथे हिशेबात धरावा लागतो.

मग गडबड नेमकी कुठे होते?

तयार भिंग योग्य ठिकाणी डोळ्यासमोर बसले, तरच या अचूकतेला अर्थ. त्यासाठी निवडलेली चौकट ग्राहकाच्या नाकावर चढवून, त्याला सरळ समोर पाहायला सांगून, दोन्ही बाहुल्यांची जागा त्या चौकटीच्या नमुना काचेवर आखावी लागते. नाकाच्या मध्यापासून डावी आणि उजवी बाहुली बऱ्याचदा सारख्या अंतरावर नसते, त्यामुळे दोन्ही मापे स्वतंत्र हवीत. बाहुलीची उंची हवी. चौकटीचा पुढे झुकलेला कोन आणि भिंगाचे डोळ्यापासूनचे अंतरही हवे. काम काही मिनिटांचे असते, पण ते जाणत्या हाताने व्हावे लागते.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दोन बाहुल्यांमधले अंतर अंदाजे लिहिले जाते आणि त्याचे सरळ दोन भाग केले जातात. उंची तर मोजलीच जात नाही. वरच्याच उदाहरणात भिंग ३ मिलिमीटर बाजूला बसले, तर वाचनाच्या वाटेत सुमारे ०.८६ चा सिलिंड्रिकल दोष येतो. ग्राहकाला डोके दुखते, जिना उतरताना पायरी सरकल्यासारखी वाटते. ‘सवय होईल’ असे सांगून त्याला परत पाठवले जाते. सवयीला काही दिवस लागतात हे खरे, पण चुकीच्या मापाची सवय होत नाही. शेवटी काही हजार रुपयांचा चष्मा कपाटात जातो आणि जुनी चाळशी पुन्हा नाकावर येते. कारखाना ३ मायक्रॉनसाठी धडपडतो आणि काउंटरवर ३ मिलिमीटर चुकतात. ही चूक हजारपट मोठी आहे.

मोजमाप चुकण्याची किंमत मोठ्या प्रकल्पांनाही मोजावी लागली का?

लागली. एप्रिल १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटर व्यासाचा आरसा अतिशय गुळगुळीत होता, पण चुकीच्या आकाराचा होता. त्याची कड सुमारे २.२ मायक्रॉनने अधिक सपाट झाली होती. आरसा घासणाऱ्या यंत्राचा यात दोष नव्हता. आकार तपासणाऱ्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसवले गेले होते. यंत्राने त्या चुकीच्या मापाबरहुकूम आरसा तंतोतंत घडवला. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीची प्रकाशयंत्रणा बसवली, तेव्हा कुठे चित्रे स्वच्छ झाली. त्या दुर्बिणीलाही शेवटी एक प्रकारचा चष्माच लावावा लागला.

फ्रीफॉर्ममध्ये ही अडचण आणखी वाढते. गोल पृष्ठभाग तपासायला गोल नमुना मिळतो. प्रत्येक वेळी वेगळ्या असणाऱ्या पृष्ठभागासाठी संगणकाने आखलेला खास होलोग्राम किंवा बिंदू-बिंदू स्पर्शून उंची मोजणारे यंत्र लागते. जे मोजता येत नाही, ते भरवशाने बनवताही येत नाही, हा या क्षेत्राचा पहिला धडा आहे.

चष्म्याखेरीज हे तंत्र कुठे दिसते?

मनमाडमधून जाणाऱ्या पुणे-इंदूर महामार्गावर रात्री उभे राहिले तरी दिसेल. जुन्या वाहनांच्या हेडलाइटमध्ये पाठीमागे साधा पॅराबोलिक आरसा असायचा आणि प्रकाश पसरवण्याचे काम पुढच्या रेघारेघांच्या काचेकडे असायचे. आता पुढची काच स्वच्छ पारदर्शक असते. प्रकाश रस्त्यावर कुठे पडावा आणि समोरच्याच्या डोळ्यांत कुठे जाऊ नये, हे आतले अनेक पैलूंचे आरसे आणि भिंगे ठरवतात. एलईडी पथदिव्यांवर बसवलेली शेंगदाण्याच्या आकाराची भिंगेही याच घराण्यातली. ती प्रकाश गोल न पसरवता रस्त्याच्या लांबीने पसरवतात. अशा दिव्यांत प्रतिमा तयार करायची नसल्याने अचूकतेची अट तुलनेने सैल असते आणि साच्यातून लाखोंनी उत्पादन करता येते.

दुसऱ्या टोकाला दुर्बिणी आहेत. दृश्य प्रकाशाच्या उत्तम आरशात पृष्ठभागाची चूक काही दशक नॅनोमीटरच्या आत ठेवावी लागते, म्हणजे चष्म्याच्या सुमारे शंभरपट कडक अट. मधल्या पायरीवर विमानातील ‘हेड-अप डिस्प्ले’ आणि हेल्मेटवरचे प्रदर्शक येतात. तिथे जागा आणि वजन कमी, प्रकाशाचा मार्ग तिरका आणि चित्र मात्र न वाकता दिसायला हवे. गोल भिंगांनी हे साधायचे, तर भिंगांची माळच लावावी लागते. फ्रीफॉर्ममुळे त्यातली काही भिंगे वगळता येतात.

महाराष्ट्र आणि भारत यात कुठे आहेत?

सुरुवात घरापासून करू. नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे ‘एचएएल’च्या कारखान्यातून ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘तेजस मार्क-१ए’ने पहिले उड्डाण केले. ‘तेजस’साठीचा हेड-अप डिस्प्ले चंडीगडच्या ‘सीएसआयओ’ या सरकारी संस्थेने विकसित केला. वैमानिकाच्या हेल्मेटवरचा प्रदर्शक मात्र इस्रायली बनावटीचा आहे. मनमाडहून थेट रेल्वेने जोडलेल्या छत्रपती संभाजीनगरमधील ‘व्हॅरॉक’ या उद्योगसमूहाने २०१२ मध्ये ‘व्हिस्टिऑन’ या अमेरिकी कंपनीचा वाहनदिव्यांचा जागतिक व्यवसाय विकत घेतला होता. युरोप-अमेरिकेतील तो व्यवसाय २०२२ मध्ये विकला गेला. वाहनांच्या दिव्यांचा अनुभव मराठवाड्यातील उद्योगाकडे आहे, हे त्यातून दिसते.

खगोलशास्त्रात पुण्याचे ‘आयुका’, बंगळूरुची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि नैनितालची ‘एरीज’ या संस्था ३० मीटर दुर्बिणीच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारताच्या बाजूने आहेत. तिचा मुख्य आरसा ४९२ षटकोनी तुकड्यांचा असून त्यात ८२ वेगवेगळे आकार आहेत. बहुतेक तुकड्यांना स्वतःचा मध्य-अक्ष नाही, कारण ते एका प्रचंड वक्राचे बाजूचे काप आहेत. यांतील काही तुकडे बंगळूरुजवळच्या होसकोटे येथे घासण्याची योजना आहे. त्यासाठीची युक्ती मोठी सुरेख आहे. चकतीला कडेने ठरावीक ताण देऊन वाकवायचे, वाकलेल्या अवस्थेत तिला सोप्या गोल पद्धतीने घासायचे आणि ताण सोडायचा. चकती पूर्ववत होताना हवा तो तिरपा आकार घेते. जेरी नेल्सन आणि जेकब लुब्लिनर यांनी हे तंत्र हवाईतील केक दुर्बिणीसाठी विकसित केले होते. दुर्बिणीचा प्रकल्प जागा आणि निधीच्या वादात रेंगाळला असला, तरी त्यानिमित्ताने शिकलेले घासण्याचे आणि मोजण्याचे कौशल्य वाया जाणारे नाही.

उणीव यंत्रे आणि सॉफ्टवेअरची आहे. चष्म्याची फ्रीफॉर्म यंत्रे प्रामुख्याने जर्मनीसारख्या युरोपीय देशांतून, तर अतिसूक्ष्म डायमंड टर्निंगची अनेक यंत्रे अमेरिकेतून येतात. आरेखनाची प्रमुख सॉफ्टवेअरही परदेशी आहेत. यंत्र पैसे टाकून आणता येते. पृष्ठभाग मोजणारा, त्या मोजणीतून चूक ओळखणारा आणि पुढच्या फेरीत ती दुरुस्त करणारा माणूस मात्र इथेच घडवावा लागतो.

ग्राहकाने काय पाहावे?

पहिले म्हणजे ‘फ्रीफॉर्म’ हा शब्द भिंग बनवण्याची पद्धत सांगतो, त्याचा दर्जा नव्हे. त्याच यंत्रावर चांगले आरेखनही कोरता येते आणि सुमारही. दुसरे म्हणजे चौकट आधी निवडावी, ती नाकावर नीट बसवून घ्यावी आणि मगच मापे द्यावीत. तिसरे, दोन्ही डोळ्यांची स्वतंत्र मापे आणि उंची बिलावर लिहून मागावी. चौथे, भिंग उजेडासमोर तिरके धरल्यास ३४ मिलिमीटर अंतरावर दोन अतिशय बारीक कोरलेल्या खुणा दिसतात. कानाच्या बाजूच्या खुणेखाली वाचनाच्या नंबरची भर कोरलेली असते, उदाहरणार्थ २.०० साठी ‘२०’. या खुणांवरून भिंग योग्य जागी बसले आहे का, हे कोणताही जाणकार चष्मेवाला काही मिनिटांत तपासू शकतो. आणि शेवटचे, सर्वांनाच प्रोग्रेसिव्ह लागतो असे नाही. दिवसभर एकाच अंतरावर काम करणाऱ्याला साधा चष्मा अधिक सोयीचा आणि स्वस्त पडतो. हे स्वतःहून सांगणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

धोरणाच्या पातळीवर काय व्हायला हवे?

नंबरच्या चष्म्यावरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्ह आहे. पण स्वस्त झालेला चष्मा चुकीच्या मापाचा असेल, तर ती बचत नव्हे. दृष्टितज्ज्ञ अर्थात ऑप्टोमेट्रिस्ट हा व्यवसाय २०२१ च्या राष्ट्रीय सहायक आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या कक्षेत आला आहे. त्याची नोंदणी आणि शिक्षणाची चौकट छोट्या शहरांपर्यंत पोहोचली पाहिजे. प्रोग्रेसिव्ह विकताना मापांची लेखी नोंद ग्राहकाला देणे बंधनकारक करणे अवघड नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकलाच आहे. चष्म्याच्या दुकानांत आज काम करणाऱ्या हजारो तरुणांसाठी मोजमापाचा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम इथूनच सुरू होऊ शकतो. नाशिक आणि संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात सूक्ष्म पृष्ठभाग तपासणारी सामायिक प्रयोगशाळा उभी राहिली, तर लहान उद्योजकालाही या क्षेत्रात पाऊल टाकता येईल. यंत्रखरेदीच्या अनुदानाइतकेच महत्त्व मोजमापाला मिळायला हवे.

मनमाडच्या रेल्वे कारखान्यात पुलांचे गर्डर बनतात. गर्डरची भोके जुळली नाहीत, तर तो जोडलाच जात नाही, हे तिथल्या कामगाराला शिकवावे लागत नाही. चष्म्याचे तसे नाही. माप चुकले तरी तो नाकावर बसतो, त्याचे बिल होते आणि पैसेही घेतले जातात. त्रास होतो तो फक्त पाहणाऱ्याला. म्हणूनच काउंटरवरच्या त्या पाच मिनिटांच्या मोजमापाची जबाबदारी कोणाची, हे आता लेखी ठरले पाहिजे.